ज्यांगचायची पेवं: यांगशाओ काळातल्या एका गावात धान्य कोणाच्या ताब्यात होतं?

चीनच्या शान्शी प्रांतात, शीआन शहराच्या पूर्वेला, लीशान डोंगराच्या पायथ्याशी लिन नावाची छोटी नदी वाहते. तिच्या काठावर ज्यांगचाय हे उत्खननस्थळ आहे. 1972 ते 1979 या काळात इथे सुमारे 17,000 चौरस मीटर जमीन उघडी केली गेली आणि 1988 मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. इथे एकावर एक पाच काळांच्या वस्त्या आहेत. हा अभ्यास सर्वांत खालच्या, म्हणजे पहिल्या काळातल्या गावाचा आहे. ते यांगशाओ या चीनमधल्या नवाश्मयुगीन संस्कृतीच्या सुरुवातीच्या टप्प्यातलं, इ.स.पू. 5000 ते 4000 च्या दरम्यानचं गाव. धातूची अवजारं नाहीत, नांगर नाही, कुंभाराचं फिरतं चाक नाही. राळं पिकवणारे, डुकरं आणि कुत्री पाळणारे, हातानं मडकी घडवणारे लोक.

प्रश्न एकच घेतला आहे. पीक निघाल्यावर धान्य कुठे जायचं? साऱ्या गावाच्या सामाईक कोठारात, पाच-पंचवीस घरांच्या कुळाकडे, की प्रत्येक चुलीच्या मालकीच्या पेवात? रोजच्या जगण्याच्या बहुतेक गोष्टी या उत्तराला बांधलेल्या आहेत. कोण कोणाबरोबर जेवतं, वाईट वर्षी कोण उपाशी राहतं, पाहुण्याला कोण वाढतं, हे सगळं धान्याच्या ताब्यावरून ठरतं.

गावाची मांडणी

ज्यांगचायचा नकाशा पाहिला की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती मधलं मोकळं पटांगण. त्याच्या भोवती शंभराहून अधिक घरं पाच घोळक्यांत उभी आहेत आणि बहुतेकांची दारं पटांगणाकडे आहेत. प्रत्येक घोळक्यात एक मोठं घर, त्याच्याभोवती मध्यम आणि लहान घरं. लहान घर म्हणजे साधारण 15 ते 20 चौरस मीटर, मोठ्यांतलं सर्वांत मोठं 100 चौरस मीटरहून जास्त. वस्तीच्या एका अंगाला नदी, उरलेल्या बाजूंनी खंदक. खंदकाबाहेर पूर्वेकडे प्रौढांच्या दफनभूमी. भट्ट्या नदीच्या बाजूला. जनावरं कोंडण्याच्या जागाही सापडल्या. त्या ओळखू आल्या त्या जमिनीवर साचलेल्या विष्ठेच्या थरावरून.

शेजारचं बानपो हे गाव याच काळातलं आणि याच धाटणीचं. ते 1953 मध्ये बांधकामाच्या वेळी उजेडात आलं आणि 1954 ते 1957 मध्ये पुरातत्त्वज्ञ श शिंगबांग यांच्या नेतृत्वाखाली खणलं गेलं. तिथे सुमारे 10,000 चौरस मीटर भागात 46 घरं, दोनशेहून अधिक पेवं, 6 भट्ट्या, 174 प्रौढांची दफनं आणि 73 लहान मुलांची कुंभदफनं मिळाली. ज्यांगचायमध्ये जिथे तपशील विरळ आहे तिथे बानपोची मदत घेतली आहे, पण दोन गावांची सरमिसळ करून एक काल्पनिक गाव उभं केलेलं नाही. ही सरमिसळ लोकप्रिय लेखनात फार होते आणि तिथूनच बरेच गैरसमज सुरू होतात.

एक घर उभं कसं राहायचं

घरं गोल किंवा चौकोनी. पुष्कळशी घरं अर्धी जमिनीखाली होती. अर्धा ते एक मीटर खोल खड्डा, खड्ड्याच्या कडाच भिंतीचा खालचा भाग, वर खांब, त्यांत विणलेल्या फांद्या आणि त्यावर गवत मिसळलेल्या मातीचा जाड गिलावा. तळही तसाच चोपून घेतलेला, बऱ्याचदा आग लावून कडक केलेला. आत शिरायला उतरती, अरुंद वाट. तिच्या दोन्ही बाजूंना बुटक्या भिंती आणि आतल्या तोंडाशी मातीचा उंबरठा. दारासमोरच चूल: जमिनीत खणलेला खड्डा.

या रचनेत प्रत्येक भागाला काम आहे. चूल दारासमोर असल्यानं आत येणारी थंड हवा आधी आगीवरून जाते. उंबरठा नसेल तर उतरत्या वाटेनं पावसाचं पाणी थेट चुलीत येतं. या प्रदेशाची माती म्हणजे लोएस, वाऱ्यानं वाहून आणलेली पिवळसर, बारीक धूळमाती. कोरडी असताना ती उभी कापली तरी ढासळत नाही, म्हणून दगडी आणि हाडाच्या फावड्यांनीही सरळ कडांचे खड्डे खणता येतात. भिजली की मात्र ती चटकन बसते. म्हणून भिंतीवर छपराची वळचण पुरेशी पुढे आलेली नसेल, तर असं घर फार पावसाळे काढत नाही. खांब जमिनीत गाडलेले, त्यामुळे बुंध्याशी कुजणार. गवताचं छप्पर आणि खाली उघडी चूल, त्यामुळे आगीची भीती कायमची. काही घरं जळून कोसळली आणि आतली भांडी, अवजारं जागच्या जागी गाडली गेली. घरात काय कुठे ठेवलेलं होतं हे कळतं ते मुख्यतः अशाच घरांतून. सुखरूप सोडून गेलेल्या घरातून माणसं कामाच्या वस्तू बरोबर घेऊन जातात.

आता श्रमाचा हिशेब. 4 मीटर बाय 4 मीटरचं, 70 सेंटिमीटर खोल घर म्हणजे सुमारे 11 घनमीटर माती. लाकडी-दगडी अवजारांनी एका माणसानं दिवसाला दीड घनमीटर काढली असं धरलं, तर आठवडाभराचं काम. लाकूड, गवत, गिलावा धरूनही एक कुटुंब आणि दोन-तीन मदतनीस एवढ्यांत घर उभं राहतं. बानपोचा खंदक मात्र 6 ते 8 मीटर रुंद, 5 ते 6 मीटर खोल आणि 300 मीटरहून लांब. वर 7, तळाशी 2 आणि खोली साडेपाच मीटर धरली तर 7,400 घनमीटर माती निघते. त्याच वेगानं ते सुमारे 5,000 मनुष्य-दिवसांचं काम झालं. शंभर धडधाकट माणसं पन्नास दिवस राबली तरच एवढं खोदकाम पार पडतं, शिवाय तळातली माती वर चढवून लांब टाकायची. ज्यांगचायचा खंदक याहून लहान आहे, पण तोही एका कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. म्हणजे साऱ्या गावाला एकत्र आणून महिना-दीड महिना राबवण्याची ताकद या समाजात होती, हे नक्की. धान्याच्या प्रश्नाकडे जाताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण मिळून खणणं आणि मिळून खाणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

शेत ते पेव

मुख्य पीक राळं. जोडीला चिना, म्हणजे वरीच्या जातकुळीतलं भरड धान्य. दोन्ही कमी पाण्यावर, तीन-साडेतीन महिन्यांत हाताशी येणारी. या भागात पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात पडतो, लोएस माती ओल धरून ठेवते आणि नांगराशिवायही भुसभुशीत करता येते. झाडोरा तोडायला घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी, माती उकरायला दगडी आणि हाडाची फावडी.

कापणीची पद्धत अवजारांवरून कळते. फुटक्या मडक्याच्या खापरीला धार लावून, दोन्ही कडांना खाचा पाडून केलेले तळहाताएवढे सुरे मोठ्या संख्येनं मिळतात. खाचांत दोरी बांधून सुरा तळव्यात धरायचा आणि कणसं एकेक करून खुडायची. हे संथ काम आहे, पण त्यात शहाणपण आहे. राळ्याची सगळी कणसं एकाच दिवशी पिकत नाहीत. पिकलेली तेवढी खुडली की दाणे गळून वाया जात नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी भरघोस कणसं बाजूला काढता येतात. शेतात उरलेला कडबा छपराला आणि गिलाव्याला उपयोगी.

कणसं वाळवून, झोडपून, पाखडून धान्य पेवात जायचं. दाणे मात्र फोलासकट ठेवावे लागतात. फोल काढलेलं राळं फार टिकत नाही, त्यामुळे सडायचं, म्हणजे कांडून फोल काढायचं काम रोज किंवा दोन-चार दिवसांनी, लागेल तेवढंच. बानपोच्या एका पेवात राळ्याच्या फोलांचा जाड थर मिळाला तो याच साठवणीचा पुरावा. तिथल्याच एका घरात लहान मडक्यात मोहरी-कोबीच्या कुळातल्या भाजीचं बी होतं. खाण्याचं धान्य पेवात आणि भाजीचं बी घरात मडक्यात, ही विभागणी कुठल्याही शेतकऱ्याला ओळखीची वाटेल.

पेव म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, ज्वारीची पेवं तर महाराष्ट्रात किती तरी गावांत होती. तोंड अरुंद आणि पोट मोठं, हाच आकार ज्यांगचाय आणि बानपोलाही दिसतो. तो का, हे नीट पाहू.

पेव भरून तोंड मातीनं लिंपलं की आतली हवा कोंडली जाते. भिंतीला चिकटलेले दाणे ओल शोषून थोडे अंकुरतात, श्वसन करतात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग उरलेलं धान्य निद्रिस्त होतं, किडे मरतात, बुरशी वाढत नाही. म्हणजे कडेचा एक पातळ थर वाया जातो आणि त्याच्या बदल्यात बाकीचं वाचतं. तोंड जितकं अरुंद तितकं लिंपण छोटं आणि गळतीची शक्यता कमी. यात बिघाड तीन प्रकारे होतो. पाणी वरून झिरपलं तर ढीगच्या ढीग कुजतो. उंदरानं किंवा घुशीनं बाजूनं बीळ केलं तर हवा आत शिरते आणि कीड पुन्हा लागते. आणि तिसरा बिघाड माणूसच करतो: पेव वरचेवर उघडणं. एकदा उघडलं की आतली हवा गेली. परत लिंपलं तर पुन्हा एक थर अंकुरणार, पुन्हा नासाडी. म्हणून पेव फोडलं की ते थोड्या काळात रिकामं करायचं असतं.

या तिसऱ्या मुद्द्यातच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. सामाईक कोठार असतं तर मोजकी, खूप मोठी पेवं सोयीची, कारण ती एकदम उघडून साऱ्यांना वाटप करता येतं. कुटुंबाची साठवण असेल तर लहान-मध्यम पेवं आणि तीही एकापेक्षा जास्त हवीत: एक चालू, बाकीची लिंपलेली.

आता एका पेवाचा हिशेब मांडू. उदाहरणादाखल तोंड 80 सेंटिमीटर, तळ 1.4 मीटर, खोली 1.2 मीटर घेतली तर आतली जागा सुमारे 1.17 घनमीटर होते. फोलासकट राळं घनमीटरला 650 किलो धरलं तर 760 किलो मावतं. कडेची नासाडी आणि फोल वजा जाता साधारण 550 किलो खाण्याजोगं धान्य हाती राहतं. पाच माणसांच्या घराला दिवसाला अडीच किलो लागलं तर ते सात महिने पुरतं. वर्षाला दीड पेव, त्यात पुढचं बियाणं आणि वाईट वर्षाची बेगमी मिळवली तर दोन ते तीन. ज्यांगचायमध्ये पहिल्या काळातल्या पेवांची संख्या घरांच्या संख्येच्या दोन-तीन पटीच्या आसपास आहे. हा मेळ डोळ्यांत भरतो, पण तो पुरावा म्हणून एकट्यानं उभा राहू शकत नाही. का, ते पुढे येईल.

दोन वाचनं

बानपो खणलं गेलं तेव्हा चिनी पुरातत्त्वात मानववंशशास्त्रज्ञ मॉर्गन आणि मार्क्सचे सहकारी एंगल्स यांच्या समाजविकासाच्या पायऱ्यांची चौकट मान्य होती. त्यानुसार हे गाव मातृसत्ताक कुळांचं, सामाईक मालकीचं ठरलं. ज्यांगचायचे पाच घोळके दिसल्यावर ती चौकट आणखी पक्की झाली: पाच घोळके म्हणजे पाच कुळं, मोठं घर म्हणजे कुळप्रमुखाचं किंवा सभेचं, आणि पेवं कुळाची सामाईक.

या वाचनाची बलस्थानं खरी आहेत. घोळके डोळ्यांना स्पष्ट दिसतात. पेवं बऱ्याच ठिकाणी नेमक्या एका दाराला जोडता येत नाहीत. ती घरांच्या मधल्या जागेत आहेत. भट्ट्या थोड्या आणि वस्तीच्या कडेला, म्हणजे मडकी भाजण्याचं काम बहुधा मिळून होत असावं. भट्टीची खोली व्यासानं साधारण मीटरभर. एका भाजणीत थोडीच मोठी मडकी बसणार, आणि 800 ते 1000 अंश सेल्सियसपर्यंत ताप नेण्याइतकं सरपण एका घरानं एकट्यानं जाळणं परवडणारं नाही.

दुसरं वाचन नंतरचं आहे. ख्रिश्चन पीटरसन आणि गिडिअन शेलाख या पुरातत्त्वज्ञांनी 1988 च्या अहवालातल्या नोंदी घर-घर वेगळ्या करून पुन्हा तपासल्या आणि 2012 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या मते उत्पादन आणि उपभोगाचं मूळ एकक कुटुंबच होतं, आणि सगळी कुटुंबं सारखी नव्हती. कुठे शेतीच्या अवजारांचा भर, कुठे शिकार-मासेमारीच्या, कुठे हस्तव्यवसायाच्या. जास्तीचं धान्य साठवण्याची कुवतही सारखी नव्हती.

पुराव्याकडे पाहता दुसऱ्या वाचनाचं पारडं जड आहे, असं ठामपणे म्हणता येतं. लहानातल्या लहान घरातही चूल आहे. स्वयंपाकाची मडकी, दळण्या-रगडण्याचे दगड, सूत कातायच्या चकत्या, हाडाच्या सुया, गळ आणि बाणाची टोकं, असा संसार वेगवेगळ्या घरांच्या जमिनीवर मिळतो. बानपोला तर तळाशी भोकं पाडलेली, मोदकपात्रातल्या चाळणीसारखी वाफेची भांडीही आहेत. जिथे प्रत्येक छपराखाली रांधलं जातं तिथे धान्य रोज प्रत्येक छपराखाली यायला हवं. ते कुळाच्या पेवातून मोजून मिळत असतं तर वाटपाची काही तरी खूण, निदान सारख्या मापाची भांडी किंवा मोठ्या घराजवळ पेवांची दाटी, ठळकपणे दिसायला हवी होती.

तरीही मोठी घरं फक्त श्रीमंतांची म्हणून सोडून देता येत नाहीत. त्यांपैकी काहींत मोठ्या चुलीच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच ओटे आहेत, झोपायला किंवा अनेकांनी बसायला. यांगशाओ लोक टोकदार बुडाचे, दोन कानांचे उंच कुंभ करत. ते नदीतून पाणी भरण्याचे मानले जायचे, बुडवले की आपोआप कलंडून भरतात असंही शिकवलं जायचं. प्रतिकृती करून पाहिल्यावर हे गृहीतक डळमळलं. पुढे शीआनजवळच्या मिच्याया या नंतरच्या यांगशाओ स्थळी अशा भांड्यांच्या आत चिना, जव आणि कंदांपासून केलेल्या बीअरचे अवशेष ओळखले गेले आणि 2016 मध्ये ते प्रसिद्ध झाले. ज्यांगचायच्या प्रत्येक टोकदार कुंभात दारू होती असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण अनेकांना एकत्र बसवून पाजणं-जेवू घालणं हे अशा मोठ्या घरांचं काम असेल, तर घरोघरी वेगळं साठवलेलं धान्य प्रसंगी एकत्र यायचा तो मार्ग ठरतो.

मृतांकडूनही थोडं कळतं. प्रौढ खंदकाबाहेर, बहुधा उताणे निजवलेले, सोबत काही मडकी. लहान मुलं मात्र घरांजवळच, मोठ्या कुंभात ठेवून वर वाडगा पालथा घातलेला. पुष्कळ वाडग्यांच्या बुडाला मुद्दाम भोक पाडलेलं असतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली मुलं मिळाली. ते ताम्रपाषाणयुगातले लोक ज्यांगचायपेक्षा कितीतरी हजार वर्षांनी नंतरचे आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण मूल दगावलं तर ते गावाच्या स्मशानात न जाता घरापाशी राहतं, म्हणजे घर हे नुसतं छप्पर नसून आपलं-परकं ठरवणारी सीमा आहे, हे दोन्हीकडे दिसतं. ज्यांगचायच्या एका किशोरवयीन मुलीच्या दफनात हाडाचे 8,577 मणी मिळाले, तर बऱ्याच दफनांत मोजकी भांडी आहेत. हाडाचा एकेक मणी कापून, घासून, भोक पाडून करायला लागणारा वेळ पाहता, हा फरक सारख्या वाटणीच्या समाजात सहज बसत नाही.

हिशेब कुठे फसतो

पेवांची संख्या घरांच्या दुप्पट-तिप्पट आहे एवढ्यावर विसंबण्यात मोठा धोका काळाचा आहे. नकाशावर दिसणारी सगळी घरं एका दिवशी उभी नव्हती. जमिनीत गाडलेला खांब दोन-तीन दशकांत कुजतो आणि गाव त्याहून कितीतरी जास्त काळ नांदलं. म्हणजे कोणत्याही एका वर्षी यांतली थोडीच घरं नांदती असणार. पेवाचं आयुष्य तर घराहूनही कमी: एकदा भिंत ओलावली, बीळ पडलं की ते पेव बाद, आणि मग ते कचऱ्याचा खड्डा होतं. बहुतेक पेवांत राख, खापऱ्या, हाडं मिळतात ती या शेवटच्या वापराची. पेवातल्या खापऱ्यांवरून पेवाचा मालक ठरवणं म्हणूनच चुकीचं. त्या फेकणाऱ्याबद्दल सांगतात, साठवणाऱ्याबद्दल नाही.

मधल्या पटांगणाबद्दलही सावध राहावं लागतं. पुढच्या काळात तिथेच मोठी दफनभूमी झाली आणि शेकडो खड्डे खणले गेले. पहिल्या काळात तिथे जे काही हलकं बांधकाम असेल ते त्यात नष्ट झालेलं असू शकतं.

तिसरी अडचण बियांची. 1970 च्या दशकात इथे माती पाण्यात कालवून तरंगणारी जळकी बी गाळून घेण्याची पद्धत रूढ नव्हती. त्यामुळे नजरेला दिसले तेवढेच दाणे उचलले गेले आणि राळं सोडून बाकी काय खाल्लं जायचं याचं चित्र अपुरं राहिलं. शीआनमधल्याच यूह्वाचाय या यांगशाओ गावात पुढे ही पद्धत वापरली, तेव्हा राळं आणि चिना यांच्याबरोबर चाकवताच्या कुळातल्या रानटी झाडाचं बी भरपूर निघालं. पीक कमी आलं की रानातली भाजी आणि बी हा आधार होताच. ज्यांगचायच्या पेवांचा हिशेब करताना तो धरला, तर दोन पेवांवर एक घर थोडं जास्त तग धरू शकतं.

अशा गावात पुन्हा खणायचं झालं तर या प्रश्नासाठी कामाचा क्रम असा हवा. पेवाचा तळ आणि भिंतीलगतचे काही सेंटिमीटर वेगळे काढायचे, कारण साठवणीचा मूळ अवशेष तिथेच अडकलेला असतो. मधला भराव वेगळ्या पिशवीत. दोन्हींतली ठरलेल्या मापाची माती पाण्यात गाळायची. तळातल्या जळक्या दाण्यांची कालमापनं घ्यायची, लाकडाच्या कोळशाची नाही, कारण जुन्या खांबाचा कोळसा वय वाढवून सांगतो. एकाच मडक्याच्या खापऱ्या वेगवेगळ्या पेवांत जुळतात का पाहायचं; जुळल्या तर ती पेवं एकाच वेळी उघडी होती. आणि पेवाच्या तोंडापासून प्रत्येक दारापर्यंतचं अंतर नव्हे, तर दारातून ते तोंड नजरेला पडतं का, हे मोजायचं. कारण ज्याचं धान्य, तो ते आपल्या नजरेखाली ठेवतो.